फक्कीने आखलेला माणूस

प्रमिला गेली त्या सकाळी पौडात इतकं धुकं होतं की माझ्या गॅलरीतून समोरचं नारळाचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. मी दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. रामदादा फोनवर नेहमी ओरडून बोलतात, जणू आवाज माले गावातून पौडपर्यंत त्यांच्या घशाच्या जोरावरच पोहोचणार आहे. त्या दिवशी मात्र ते इतकं हळू बोलले की मला फोन कानाशी घट्ट दाबून धरावा लागला. "बाई... प्रमी गेली. छातीला हात लावून बघितलं. काय लागंना हाताला."   फोन दोघांनीही ठेवला नाही. पलीकडून गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती आणि इकडे दूध उतू जात होतं... मला त्यांच्या तोंडून आणखी एक गोष्ट ऐकायची होती, आणि नेमकी तीच ते बोलत नव्हते.

ती गोष्ट आधीच सांगून टाकते. प्रमिलाला मेल्यावर चिता नको होती. तिला आपला देह पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा होता, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकायला. तिने तिथे रीतसर नाव नोंदवून ठेवलं होतं, पण माणूस गेल्यावर त्याच्या शब्दाला विचारतो कोण? घरचे हो म्हणतील तेच खरं. आणि घरचे म्हणजे एकटे रामदादा, तिचे थोरले भाऊ. दादांचा संसार फार टिकला नाही आणि प्रमिलाने तो मांडलाच नाही, त्यामुळे त्या घरात वर्षानुवर्षं ही दोघंच. दादांनी या गोष्टीला हो कधी म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. विषय निघाला की ते उठून गोठ्याकडे जायचे. गाई तशा दोनच, पण त्या काळात त्यांच्याइतकं वैरणपाणी मुळशी तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गाईंना मिळालं नसेल.

प्रमिला मालेतल्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायची, मी मराठी. मी शहरातून नव्यानेच आले होते, कविता शिकवायच्या उत्साहाने नुसती फुगले होते, आणि पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत ही बाई माझ्यासमोर डबा उघडून म्हणाली, "गिळताना आपला श्वास थांबतो, हे लक्षात आलंय का कधी?" घशात एक इवलंसं झाकण असतं, घास आला की ते श्वासाच्या वाटेवर पडतं, घास गेला की उघडतं, आणि दिवसभर आपण बडबडत, हसत, खात असताना ते बिचारं न चुकता हे काम करत असतं, असं तिने मला भाकरी मोडता मोडता सांगितलं. मला जोराचा ठसका लागला. तिने पाठ चोळली आणि आनंदाने म्हणाली, "बघ, चुकलं." त्यानंतर कितीतरी दिवस मी प्रत्येक घास घाबरत घाबरत गिळत होते. आमची मैत्री झाली ती अशी. मला रक्त बघितलं तरी घेरी येते आणि तिला माणूस म्हणजे आतून कसा चालतो याशिवाय दुसरं काही महत्त्वाचं वाटायचं नाही. मी काळजावरच्या ओळी म्हणून दाखवल्या की ती विचारायची, "काळीज म्हणजे हृदय की यकृत? आमच्या गावात मटणवाल्याकडे मागितलं तर यकृत मिळतं." मी चिडायचे. तिला माझी चिडचिड आवडायची.

शाळेकडे शरीराचे तक्ते होते, पण त्या हवेत कागद टिकत नाही. ताम्हिणीकडून येणारी ओल भिंतीतून झिरपायची आणि तक्त्यावरच्या माणसाच्या फुफ्फुसांना बुरशी यायची. म्हणून प्रमिलाने आपला एक रिवाज पाडला. थंडीत शाळेचे खेळ संपले, की मैदान आखून उरलेली फक्की ती कुणाला हात लावू द्यायची नाही. एका सकाळी लवकर येऊन त्या पांढऱ्या भुकटीने ती मैदानावर माणूस आखायची... डोकं पिंपळाच्या पाराशी, पाय पार धरणाच्या पाण्याच्या अंगाला. धुकं उतरत जायचं तसा तो माणूस हळूहळू दिसायला लागायचा, आधी कपाळ, मग खांदे, मग ते लांबच लांब पाय. मी एकदा लवकर पोहोचले होते तेव्हा ती त्या माणसाच्या छातीत एकटी उभी होती आणि आजूबाजूला पांढऱ्या रेघेशिवाय जगात दुसरं काही नव्हतं. ते दृश्य मी अजून झोपेत बघते.

मग वर्ग यायचा आणि माणूस जिवंत व्हायचा. चार पोरं हृदयाचे चार कप्पे. त्यांच्या मधे दाराशी उभी राहणारी पोरं म्हणजे झडपा, हात एकाच बाजूला उघडायचे, मागे कुणाला येऊ द्यायचं नाही. बाकीची पोरं रक्त. त्यांनी हातात वाळलेलं पान घेऊन हृदयाच्या उजव्या बाजूला शिरायचं, तिथून फुफ्फुसात पळायचं, तिथे गोल करून उभ्या असलेल्या मुलींना वाळकं पान द्यायचं आणि हिरवं घ्यायचं, हिरवं पान घेऊन डाव्या बाजूने परत हृदयात आणि तिथून सुसाट थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. अंगठ्यातल्या पोराला हिरवं द्यायचं, त्याच्याकडचं वाळकं घ्यायचं, पुन्हा वर. एक फेरी झाली की पोरं धापा टाकायची, आणि ती म्हणायची, "दमलात? तुमच्या आतलं हे रात्री झोपेतही थांबत नाही." जेवणाच्या वाटेवर लहान आतडं म्हणून रामदादांचा बैलाचा कासरा वेटोळं करून ठेवलेला असायचा. पोरं तो उलगडायला लागली की संपेचना, माणसापेक्षा माणसाचं आतडं कितीतरी लांब निघायचं आणि सगळी खिदळायची. एवढं लांब कशाला, तर घासातलं सत्त्व सावकाश, कणाकणाने रक्तात शोषून घ्यायला. दादा बांधावरून हाक द्यायचे, "प्रमे, आतडं झालं आसंल तर कासरा दे, बैल मोकळा हाय!" वर्गातला सगळ्यांत थोराड पोरगा नेहमी यकृत व्हायचा. आलेल्यातलं काय साठवायचं, काय वापरायला द्यायचं, विषारी काय ते निवडायचं, हे काम त्याच्याकडे. दोन मुली चाळणी घेऊन मूत्रपिंडं व्हायच्या. रक्त त्यांच्यातून पुन्हा पुन्हा चाळून निघायचं आणि कामाचं ते परत जायचं, हे त्या इतक्या शिस्तीने करायच्या की मला माझ्या सासूबाईंच्या तांदूळ निवडण्याची आठवण व्हायची.

सगळ्यांत मजा मज्जासंस्थेची. टाचेपासून डोक्यापर्यंत पोरं हातात हात धरून उभी राहायची. प्रमिला टाचेतल्या पोराला काटा टोचल्याची खूण करायची, तो शेजारच्याचा हात दाबायचा, तो पुढच्याचा, असं करत बातमी पाठीच्या कण्यात पोहोचायची. कण्यातल्या मुलीला हुकूम असा, की वर विचारत बसायचं नाही, ताबडतोब पाय उचलायला सांगायचं. मग सावकाशीने ती बातमी मेंदूत. मेंदू झालेला पोरगा, वर्गातला पहिला नंबर, दर वर्षी कुरकुरायचा, "बाई, पाय उचलून झाल्यावर मला कळतंय!" प्रमिला म्हणायची, "शहाण्या, तुला विचारत बसलो असतो तर काटा पार आत गेला असता." शेवटी शाळेतली बारकी पोरं, पहिली-दुसरीची, फक्कीच्या रेघेवर हाताला हात लावून उभी राहायची. ती त्वचा. तो सबंध माणूस घाम पुसत, खोकत, ओरडत मैदानावर आडवा पडलेला असायचा आणि पलीकडे पाणी तसंच निवांत.

एका वर्षी जठर आणि आतडं डोंगरावरच्या धनगरवाड्यातल्या मुलांकडे आलं होतं. त्यांच्यात हिरा नावाची एक धीट मुलगी होती. तिने जठराच्या जागी एक घमेलं ठेवायचं, तर चार ठेवली. अन्न झालेली पोरं पहिल्या घमेल्यात गेली, तिथून दुसऱ्यात, आणि मग परत तोंडात आली. तोंडाच्या पोराने त्यांना पुन्हा चावल्यासारखं केलं आणि परत आत पाठवलं. धनगरवाड्यातल्या पोरांना त्यात काही गैर वाटलं नाही. बकरं कापताना सगळ्यांनीच बघितलेलं, पोट आतून असंच असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मुळशीतला माणूस घंटा होईपर्यंत रवंथ करत होता. बाकीचा वर्ग खिदळत होता, मी पारावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तो हसले. प्रमिला मात्र हसली नाही. ती हिराजवळ गेली, घमेल्यांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तू बघितलंस ते मांडलंस. याला मी चूक कशी म्हणू? बकऱ्याचं अगदी बरोबर आहे. माणसाचं मात्र एकच असतं." आणि तिने स्वतःच्या हाताने तीन घमेली बाजूला केली.

संध्याकाळी एसटीची वाट बघताना मी तो विषय काढून पुन्हा हसायला लागले, तर ती मधेच म्हणाली, "विजू, तिने बकरं तरी आतून बघितलंय. मी माणूस कुठे बघितलाय? चित्रावरून शिकले, चित्रावरून शिकवते. उद्या कुणी म्हणालं की बाई, तुमचं आहे ते बकऱ्याचं आहे, तर मी काय दाखवू?" मी ते थट्टेवारी नेलं. ती घाटाकडच्या ढगांकडे बघत राहिली. तिने त्याच संध्याकाळी देहदानाचं ठरवलं असं म्हणायचा मला मोह होतो, पण तसं काही नव्हतं. ते मनात रुजायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. आम्ही दोघी निवृत्त झालो, शाळेतली मुलं कमी झाली, चांदे गावाकडच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, आणि एक दिवस ती पुण्याला जाऊन नाव नोंदवून आली. आल्यावर मला एवढंच म्हणाली, "निदान काही पोरांना तरी चित्रावर भागवावं लागणार नाही."

दादांना तिने सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. तिघं ओसरीवर चहा घेत होतो. ती म्हणाली, "दादा, मला जाळायचं न्हाई. शिकणाऱ्या पोरांना द्यायचं." दादांनी बशी खाली ठेवली. "आन म्या काय करायचं? हात हालवत बसायचं?" थोड्या वेळाने म्हणाले, "राख न्हाई, काय न्हाई. दहाव्याला काय घिऊन जाऊ नदीवर? वर गेल्यावर आई इचारंल, प्रमी कुटं ठिवलीस, तर काय सांगू?" ती म्हणाली, "सांग, शाळेत हाय." दादांना ते आवडलं नाही. मान खाली घालून, मला ऐकू येऊ नये अशा बेताने, त्यांनी जे मनात सलत होतं ते विचारलं, "परक्या पोरांम्होरं, प्रमे... उघडी?" प्रमिलाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोरं परकी आसत्यात व्हय रं? मी जल्मभर पोरांम्होरंच उभी हाय." दादा उठले आणि गोठ्यात गेले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तो ऐकेल. नाही ऐकलं तर तू बोल. मराठीची ना तू, जीभ कशाला आहे?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

मग तिचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, मोठं झालंय. मला वाटलं, हृदय मोठं असणं चांगलंच की. ती माझ्या अडाणीपणावर दम लागेपर्यंत हसली. सैल पडलेल्या रबरासारखं आहे ते, म्हणाली, ताकदीने दाबत नाही, मग पुढे जायचं ते पाणी मागे साचतं, पायांत, फुफ्फुसांत. तिच्या घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. तिला आडवं होऊन झोप लागेना, म्हणून उशांवर उशा रचून ती ओसरीवरच पाण्याकडे तोंड करून बसलेली असायची. शेवटचं भेटलो तेव्हाही तशीच बसली होती. दुपार होती तरी पाण्यावर धूसर होतं आणि पलीकडचे डोंगर असल्यासारखे-नसल्यासारखे. तिने मला पाठीला कान लावायला सांगितला. मी नको नको म्हणत लावला. आत बारीक करकर ऐकू आली, वाळक्या पानांवरून कुणी हलक्या पावलांनी चालल्यासारखी. "ऐकलंस?" ती म्हणाली. "सगळं शिकवलं आयुष्यभर, पण हे आतून ऐकायला आत्ता मिळालं." तिला भीती वाटत होती का? वाटत होती. तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही. पण निघताना म्हणाली ते दुसरंच. "दादाने अजून हो म्हटलं नाही गं..."

तर ती सकाळ. मी पौडहून रिक्षा करून निघाले, वाटेतच महाविद्यालयाला फोन केला. तिथल्या सरांनी शांतपणे सांगितलं की घरच्यांची संमती असेल तर गाडी लगेच पाठवतो, मात्र फार उशीर व्हायला नको. संमती! मी पोहोचले तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. प्रमिलाला आंघोळ घालून, तिची आवडती निळी साडी नेसवून ओसरीवर ठेवलं होतं. कुणीतरी बांबू आणले होते, कडब्याची पेंढी सोडली होती, अंगणाच्या कडेला मडक्यात गोवऱ्या धुमसत होत्या. भावकीतले लोक न सांगता कामाला लागले होते, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? प्रेमानेच करत होते सगळं. दादा खांबाला टेकून बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "दादा, तिचं म्हणणं..." आणि पुढे माझा आवाजच फुटेना. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं ती मी! दादांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लाकडं रचायला घ्या," ते कुणाला तरी म्हणाले.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून हिरा पुढे आली. आता ती चाळिशीला आलेली, दोन पोरांची आई, अजूनही डोंगरावरच राहते, शेळ्या आहेत. ती सरळ दादांच्या समोर मांडी घालून बसली. "दादा, बाईंच्या माणसाला बकऱ्याचं प्वाट म्या लावलं हुतं, ठावं हाय का?" बांबू बांधणारे हात थांबले. "चार घमेली ठिवली. माणूस रवंथ कराया लागला. सगळी हसली, ह्या मराठीच्या बाई बी लई हसल्या. बाई न्हाई हसल्या. मला म्हणल्या, तू बघितलंस त्येच मांडलंस." तिने पदराने नाक पुसलं. "आता जी डागदर व्हणार हायेत, त्या पोरांनी माणूसच न्हाई बघितला, तर काय व्हईल, दादा? त्ये बी आपल्याला बकऱ्याचंच प्वाट लावत्याल की!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. मेल्या घरच्या अंगणात हसू आलं की माणसं लाजतात, तोंडावर हात ठेवतात, पण ते थांबेना. एक मिशीवाला बाप्या रडतच म्हणाला, "मी डावं मूत्रपिंड हुतो. पोरी कमी पडल्या हुत्या त्या साली." दुसरा म्हणाला, "मी झडप." मेंदू झालेला कुणीतरी होता, तो नुसता हुंदके देत राहिला. दादांचे खांदे हलत होते. ते हसत आहेत की रडत आहेत हे मला अजून सांगता येणार नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले, ओसरीवरच्या निळ्या साडीकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी कवा येती, बाई?"

गाडी आली तोवर ऊन धुक्यात मुरलं होतं आणि सगळीकडे नुसता पांढरा उजेड होता. दादांनी स्वतः खांदा दिला, ओसरीपासून गाडीपर्यंत, जेवढा देता आला तेवढा. स्मशानात जायचं नव्हतं म्हणून बायकाही निघाल्या, आणि आम्ही सगळे गाडीच्या मागून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. ड्रायव्हरने गाडी पायी चालणाऱ्यांच्या वेगानेच नेली. कुणी टाळ वाजवला नाही, फक्त पावलं वाजत होती. फाट्यावर गाडीने वेग घेतला आणि पुढच्याच वळणावर धुक्यात विरघळून गेली... आम्ही उभेच. आता पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलं, "रामा, आंगुळ करायची का न्हाई मग?" दादा म्हणाले, "करा. पर पानी तापवून करा, थंडी लई हाय."

याला आता काही आठवडे झाले. मी अधूनमधून मालेला जाते. दहाव्याला कावळ्याने वाट बघायला लावली नाही एवढं सांगते, बाकी ज्याने त्याने समजून घ्यावं. दादांना एक नवीनच सवय लागली आहे. सकाळी शाळेच्या वेळेला ते टोपी घालून ओसरीवर येऊन बसतात आणि म्हणतात, "भरला आसंल वर्ग." मी असले तर विचारतात, आज काय चाललं असेल, श्वासाचं की रक्ताचं? मी त्यांना सांगितलं की तसं लगेच नसतं, देह आधी औषधात ठेवतात, नवीन मुलं आली की मग शिकवायला घेतात. त्यांना ते पटत नाही. "प्रमी हितनं गेली आन बसून ऱ्हाईल व्हय?" म्हणतात. माझ्याकडून त्यांनी शरीराचा धडा वाचून घ्यायला सुरुवात केली आहे. जिला रक्त म्हटलं की घेरी येते ती मी, आणि मी त्यांना रोहिणी आणि नीला यांतला फरक समजावते! प्रमिलाने बघितलं असतं तर... असो.

गेल्या रविवारी धडा चालू असताना ते अचानक अस्वस्थ झाले. "बाई, हाडांचं कवा घेत्यात?" मी म्हटलं, घेत असतील हाता-पायांबरोबरच. ते उठले, परत बसले. "आन हाताचं?" मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. प्रमिलाचा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नसे. मी ते इतकी वर्षं बघत होते, फळ्यावर ती डाव्या हाताने लिहायची तेही बघत होते, पण का, हे कधी विचारलं नव्हतं. लहानपणी दादा तापाने पडले होते आणि त्यांना जांभळं खावीशी वाटली. ही एवढीशी पोर झाडावर चढली आणि पडली. गावातल्या माणसाने हाड बसवलं, ते वाकडंच जुळलं. "मला तवा काय सुद नव्हती," दादा म्हणाले. "बरा झालो तवा हिचा हात बांधलेला. आन जांभळं उशाला." बोलता बोलता त्यांचा चेहरा घाबऱ्या मुलासारखा झाला. "ती पोरं त्यो हात बघत्याल. त्यास्नी वाटंल, हाड आसंच आसतंय. तशीच शिकत्याल. त्यास्नी कुनी तरी सांगाय पायजे, बाई."

मी त्या सरांना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. मी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, तोवर दादांनी फोन माझ्या हातातून घेतला, टोपी नीट केली आणि नेहमीसारखे, पुण्यापर्यंत पोहोचेल अशा आवाजात, ओरडून बोलायला लागले. जांभळाचं झाड कुठे होतं, फांदी कुठली, ताप किती दिवस होता, सगळं सांगितलं. पलीकडचे सर ऐकत होते. मधे काही विचारत नव्हते. दादा बोलून थांबले, श्वास घेतला, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले,

"तर पोरांना तेवढं सांगा, सायब. हाड सरळ आसतंय. ह्ये आमच्या प्रमीचंच तेवढं वाकडं हाय."